वारसास्थळ ‘पाहिले’ असे कधी म्हणायचे? मोजदाद करणाऱ्यांसाठी

रायगड झाला, सिंधुदुर्ग झाला, लोहगड तर पाच वेळा झाला. मग युनेस्कोच्या यादीतली जागतिक वारसास्थळे किती झाली? तीन नव्हे, एकच. उलट जयपूरला गेलेल्या माणसाने एका दिवसात आमेरचा किल्ला, जंतरमंतर आणि हवामहल पाहिला, तर त्याची तीन झाली. मराठ्यांचे बारा किल्ले यादीत एकाच नोंदीखाली आहेत. जयपूरची ती ठिकाणे मात्र तीन वेगळ्या नोंदींत मोडतात. आमेर ‘राजस्थानचे डोंगरी किल्ले’ या २०१३ च्या नोंदीत, जंतरमंतर २०१० पासून स्वतंत्र आणि हवामहल २०१९ च्या ‘जयपूर शहर’ या नोंदीच्या हद्दीत.

वारसास्थळे पाहत जायची आणि त्यांची मोजदाद ठेवायची, हा छंद जगभर अनेकांना आहे. जुलै २०२५ मध्ये किल्ल्यांची नोंद झाल्यापासून मराठी घरांतही ‘आपली किती झाली?’ हा प्रश्न निघू लागला आहे. उत्तर देण्याआधी यादी वाचायची कशी आणि भेट धरायची कशी, हे पक्के करावे लागते. नाहीतर चुकीचा किल्ला पाहून बरोबरची खूण होते. असे होणे मुळीच दुर्मीळ नाही.

यादीत नेमके काय आहे

जागतिक वारसा करार १६ नोव्हेंबर १९७२ रोजी पॅरिसला मंजूर झाला. पहिल्या १२ नोंदी १९७८ मध्ये झाल्या. भारताने करार १९७७ मध्ये स्वीकारला आणि १९८३ मध्ये आपल्या पहिल्या चार नोंदी आल्या: अजिंठा, वेरूळ, ताजमहाल आणि आग्र्याचा किल्ला. जुलै २०२५ च्या पॅरिस बैठकीनंतर यादीत १७० देशांतल्या १२४८ नोंदी होत्या. त्यांत ९७२ सांस्कृतिक, २३५ नैसर्गिक आणि ४१ संमिश्र. भारताच्या ४४, म्हणजे ३६ सांस्कृतिक, ७ नैसर्गिक आणि सिक्कीममधले कांचनजंगा हे एकमेव संमिश्र.

स्थळ यादीत येते ते संबंधित देशाने प्रस्ताव दिल्यावर. आधी ते देशाच्या संभाव्य यादीत किमान वर्षभर असावे लागते. मग सविस्तर प्रस्ताव, मग तज्ज्ञ संस्थांची तपासणी. सांस्कृतिक स्थळांना इकोमॉस तपासते, नैसर्गिक स्थळांना आययूसीएन. शेवटचा निर्णय २१ देशांच्या समितीचा असतो आणि तिची वार्षिक बैठक बहुधा जून-जुलैमध्ये भरते. म्हणून मोजणाऱ्यांची वही दर जुलैत उघडावी लागते. कुठेही न जाता आकडा वाढलेला असतो, कारण आधी पाहिलेले एखादे ठिकाण नव्याने यादीत आलेले असते.

संभाव्य यादीतले ठिकाण हे वारसास्थळ नव्हे, हे ठळक लिहून ठेवा. कोकणातली कातळशिल्पे २०२२ पासून संभाव्य यादीत आहेत. माथेरानची छोटी रेल्वेही त्या यादीत आहे. दोन्ही जरूर पाहावीत, पण वहीत वेगळ्या पानावर. लोणारचे सरोवर २०२० पासून रामसर पाणथळ क्षेत्र आहे. तो वेगळा करार, वेगळी यादी. कुंभमेळा युनेस्कोच्याच यादीत आहे, पण अमूर्त वारशाच्या, आणि तो करार २००३ चा आहे. बातम्यांत या सगळ्याला सरसकट ‘युनेस्कोचा दर्जा’ म्हणतात आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

नोंद वाचायची कशी

युनेस्कोच्या जागतिक वारसा केंद्राच्या संकेतस्थळावर प्रत्येक नोंदीला एक क्रमांक असतो. अजिंठा २४२, वेरूळ २४३, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस ९४५, पश्चिम घाट १३४२. वहीत हा क्रमांक आधी लिहा आणि नाव नंतर. नावे बदलतात. टर्मिनसचे नाव यादीत आल्यानंतर बदलले, क्रमांक तोच राहिला.

त्या पानावर वर्णनासोबत नकाशांचा वेगळा विभाग असतो. खरी माहिती तिथे असते. एकाच नोंदीत अनेक ठिकाणे असतील तर प्रत्येक घटकाचे नाव, अक्षांश-रेखांश आणि क्षेत्रफळ तिथल्या तक्त्यात मिळते. नकाशावर सहसा दोन रेषा दिसतात. आतली रेषा नोंदलेल्या मालमत्तेची, बाहेरची बफर क्षेत्राची. बफर म्हणजे मूळ स्थळाला धक्का लागू नये म्हणून भोवती राखलेला पट्टा. तो वारसास्थळाचा भाग नसतो. टर्मिनसची नोंदलेली जागा २.८५ हेक्टर आहे आणि बफर ९० हेक्टरांच्या वर. म्हणजे भोवतालच्या कितीतरी रस्त्यांवर उभे राहून इमारतीचा सुंदर फोटो मिळेल, पण तेव्हा पाय बफरमध्ये असतील.

यानंतर निकष पाहा. एकूण १० निकष आहेत, पहिले ६ सांस्कृतिक आणि पुढचे ४ नैसर्गिक. स्थळ कोणत्या निकषावर घेतले हे कळले की तिथे जाऊन काय पाहायचे ते कळते. ताजमहाल फक्त पहिल्या निकषावर आहे, म्हणजे मानवी प्रतिभेची श्रेष्ठ कृती म्हणून. टर्मिनस दुसऱ्या आणि चौथ्यावर आहे. दुसरा निकष विचारांच्या देवाणघेवाणीचा, चौथा एखाद्या काळाचे ठळक उदाहरण असलेल्या बांधकामाचा. तेव्हा तिथे बघायचे ते इंग्लंडची गॉथिक धाटणी आणि इथले कारागीर एकमेकांत कसे मिसळले ते. दारातल्या दोन खांबांच्या माथ्यावर पाहा. एकावर सिंह आहे, ब्रिटनचा, आणि दुसऱ्यावर वाघ, हिंदुस्थानचा. रोज लोकल पकडणारी माणसे त्यांच्यासमोरून जातात, पण मान वर करण्याइतकी सवड सकाळी नसते.

पश्चिम घाटाचे निकष तर डोळे उघडणारे आहेत. २०१२ ची ही नोंद नवव्या आणि दहाव्या निकषावर झाली. नववा परिसंस्थेतल्या चालू प्रक्रियांचा, दहावा जैवविविधतेचा. निसर्गसौंदर्याचा सातवा निकष तिला लागलेला नाही. कड्यावरून दिसणारी दरी हा या नोंदीचा आधार नव्हे. पायाखालचे कातळ, त्यावर वीतभर मातीत पावसाळ्यापुरती उगवणारी वनस्पती, फक्त याच डोंगररांगेत सापडणारे बेडूक, हा आधार आहे.

पश्चिम घाट: सगळ्यांत जास्त चुकणारी नोंद

महाबळेश्वर, लोणावळा, माळशेज, आंबोली. ‘पश्चिम घाट झाला’ असे म्हणताना ही नावे घेतली जातात. भूगोलाने ते खरे आहे, यादीने नाही. या नोंदीत ३९ घटक आहेत: केरळात २०, कर्नाटकात १०, तमिळनाडूत ५ आणि महाराष्ट्रात ४. आपले चार म्हणजे कास पठार, कोयना अभयारण्य, चांदोली राष्ट्रीय उद्यान आणि राधानगरी अभयारण्य. गोव्यातला एकही भाग त्यात नाही.

चारांत कास सर्वांत सोपे. साताऱ्याहून २५ किलोमीटरच्या आसपास. फुलोरा ऑगस्टअखेरीस सुरू होऊन ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत टिकतो, पण त्या वर्षीचा पाऊस कसा झाला यावर तारखा मागेपुढे होतात. हंगामात दिवसाच्या पर्यटकांवर मर्यादा असते आणि नावनोंदणी आधी करावी लागते. शनिवार-रविवारच्या जागा सर्वांत आधी संपतात. जायचे तर मधल्या वारी आणि सकाळी. आखलेल्या वाटेवरूनच चाला. इथल्या मातीचा थर इतका पातळ आहे की चार पावले आत टाकली तरी खालची मुळे दबतात आणि तिथे पुढच्या वर्षी फूल येत नाही. फोटोसाठी फुलांत बसणारी माणसे ज्यासाठी आली तेच मोडत असतात.

कोयना, चांदोली आणि राधानगरी ही जंगले आहेत. पावसाळ्यात प्रवेश बंद असतो आणि साधारण ऑक्टोबरच्या मध्यापासून पुन्हा सुरू होतो. राधानगरीला दाजीपूरच्या बाजूने जातात आणि गव्यांचे कळप पाहायला मिळण्याची शक्यता तिथे चांगली आहे. कोयना धरण पाहणे म्हणजे कोयना अभयारण्य पाहणे नव्हे. दोन्ही एकाच नावाने ओळखले जातात, पण अभयारण्याची हद्द वेगळी आहे आणि आत जायला वन खात्याची परवानगी लागते.

बारा किल्ले आणि तेरावा जो नाही

‘मराठा मिलिटरी लँडस्केप्स ऑफ इंडिया’ या नोंदीत महाराष्ट्रातले अकरा किल्ले आहेत: साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग. बारावा तमिळनाडूतला जिंजी.

सिंहगड यात नाही. तोरणा, पुरंदर, विशाळगड नाहीत. मुरूडचा जंजिरा नाही. जिंजी आणि जंजिरा या नावांची सरमिसळ फार होते, आणि मुरूडला जाऊन आलेला माणूस खात्रीने सांगतो की बारातला एक झाला. जंजिरा सिद्द्यांचा होता आणि मराठ्यांना तो शेवटपर्यंत मिळाला नाही. अलिबागला ओहोटीत चालत जाता येणारा कुलाबा किल्लाही नोंदीत नाही. तिथून थोडे उत्तरेला, थळच्या समोर समुद्रात दोन बेटे आहेत, खांदेरी आणि उंदेरी. यादीत खांदेरी आहे, उंदेरी नाही. शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये खांदेरी बांधायला घेतला आणि इंग्रज आडवे आले. मुंबई बंदराच्या तोंडाशी मराठ्यांचा किल्ला उभा राहणे त्यांना परवडणारे नव्हते.

या नोंदीच्या नावातला ‘लँडस्केप’ हा शब्द महत्त्वाचा आहे. नोंद झाली ती भूगोलाचा शस्त्रासारखा वापर करणाऱ्या साखळीची. म्हणून एक किल्ला पाहून नोंद धरली, तरी एक डोंगरी, एक किनाऱ्यावरचा आणि एक बेटावरचा पाहिल्याशिवाय तिचा अर्थ हाताला लागत नाही. तीनच निवडायचे असतील तर आम्ही राजगड, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग सुचवू.

राजगडावर संजीवनी माचीला वेळ द्या. बहुतेक लोक पद्मावती माचीवर जेवतात, बालेकिल्ला चढतात आणि परततात. संजीवनीवर तट दुहेरी आहे. बाहेरची भिंत आणि आतली भिंत यांच्यामध्ये अरुंद बोळ आहे आणि वरून लहानशा दारातून खाली उतरणाऱ्या पायऱ्या आहेत, एका वेळी एकच माणूस मावेल अशा. शत्रूने बाहेरचा बुरूज फोडला, तरी तो या बोळात शिरतो आणि वरच्यांच्या माऱ्याखाली येतो. त्या पायऱ्या उतरून बोळात उभे राहिले की ‘चिलखती तट’ हा शब्द वेगळा समजावून सांगावा लागत नाही. खाली अंधार आणि दगड निसरडे असतात, तेव्हा हातात बॅटरी हवी.

दरवाजांचेही तसेच. रायगडाचा महादरवाजा दोन बुरुजांच्या कुशीत असा वळवलेला आहे की अगदी खाली येईपर्यंत दिसत नाही. सिंधुदुर्गालाही नावेतून जवळ जाईपर्यंत तटात दार कुठे आहे ते कळत नाही. दोन्ही ठिकाणी दार सापडेपर्यंत थांबून पाहा. हत्तीला धावत येऊन धडक देता येऊ नये, तोफेचा नेम थेट फळीवर धरता येऊ नये, यासाठी ही वळणे आहेत.

बेटावरच्या तीन किल्ल्यांना भरती-ओहोटी आणि पावसाळा सांभाळावा लागतो. मालवणहून सिंधुदुर्गाला नियमित होड्या आहेत, पण मेअखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत वाहतूक बंद असते. हर्णैहून सुवर्णदुर्गाला मच्छीमार बांधवांच्या होड्या नेतात. उतरताना गुडघाभर पाण्यातून जायची तयारी ठेवा आणि फोन पिशवीत बांधा. खांदेरीला थळहून जातात. बेटावर दीपगृह आहे, म्हणून उतरण्याच्या परवानगीची चौकशी आदल्या दिवशी बंदरावरच करा.

भरतीची वेळ काढायचा कोकणातला हिशेब आजही चालतो. त्या दिवशीची तिथी घ्या आणि तिची पाऊणपट करा. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. सहा तासांनी पूर्ण ओहोटी. अष्टमीला भरती सहाला. अमावास्या-पौर्णिमेला साधारण मध्यान्हीला, आणि तेव्हा पाणी सर्वांत उंच चढते. भरतीच्या आसपास नाव किनाऱ्याला लागते, ओहोटीत खडक उघडे पडतात आणि लांब उतरावे लागते. हिशेबात अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, तेव्हा शेवटचा शब्द नाखव्याचा.

डोंगरी किल्ल्यांत साल्हेर सर्वांत कष्टाचा. १५६७ मीटर उंचीचा हा महाराष्ट्रातला सर्वांत उंच किल्ला. वाघांबे किंवा साल्हेरवाडीहून चढाई आहे, वाटेत सावली कमी, आणि पावसाळ्यात कातळात कोरलेल्या पायऱ्यांवर शेवाळ धरते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. लोहगड याच्या अगदी उलट, मळवली स्टेशनवरून चालत गाठता येणारा. पावसाळ्यातल्या रविवारी पायऱ्यांवर इतकी गर्दी होते की चढणारे आणि उतरणारे दोन्ही अडकतात.

भेट कधी धरायची

कोणत्याही सरकारी नियमात याचे उत्तर नाही, कारण मोजणे हा युनेस्कोचा विषयच नाही. मोजणाऱ्यांनी आपसांत काही रीती पाडल्या आहेत. सर्वांत प्रचलित रीत अशी की नोंदलेल्या हद्दीत पाय ठेवला तर भेट झाली. विमानाच्या खिडकीतून किंवा महामार्गावरून पाहिले तर नाही. अनेक घटकांच्या नोंदीत एक घटक पुरेसा. ठिकाण पाहिल्यानंतर ते यादीत आले, तरी भेट धरली जाते. १९९० मध्ये शिवनेरी चढलेल्याला पुन्हा जाण्याची गरज नाही.

अनेक देशांत पसरलेल्या नोंदींचा हिशेब मजेदार आहे. वास्तुरचनाकार ल कॉर्ब्युझिए यांच्या १७ इमारतींची २०१६ ची नोंद सात देशांत विभागली आहे आणि चंदीगडचा कॅपिटॉल परिसर तिचा भाग आहे. चंदीगड पाहिले की ती नोंद झाली, पण फ्रान्सच्या बाजूने ती कोरीच राहते. म्हणून अनुभवी माणसे दोन आकडे ठेवतात, नोंदींचा एक आणि घटकांचा दुसरा.

आम्हाला दुसरा आकडा जास्त प्रामाणिक वाटतो. महाराष्ट्राचेच पाहा. नोंदी सात: अजिंठा, वेरूळ, घारापुरी, टर्मिनस, मुंबईतल्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारती, पश्चिम घाट, किल्ले. पण जायची ठिकाणे वीस, कारण शेवटच्या दोन नोंदींत चार जंगले-पठारे आणि अकरा किल्ले आहेत. देशभरात किल्ले १२, पश्चिम घाट ३९, राजस्थानचे किल्ले ६ आणि डोंगरी रेल्वे ३, अशा चारच नोंदींची ६० ठिकाणे होतात. डोंगरी रेल्वेच्या नोंदीत दार्जिलिंग १९९९ ला आली, निलगिरी २००५ ला आणि कालका-सिमला २००८ ला. तिन्हींचा मिळून एकच क्रमांक.

वहीचे रकाने असे ठेवा: नोंदीचा क्रमांक, घटकाचे नाव, तारीख, कुठल्या बाजूने आत गेलो, आणि ‘पोचलो’ की ‘पाहिले’. हा शेवटचा रकाना आमचा आग्रह आहे. टर्मिनसवरून वीस वर्षे गाडी पकडणारा पोचलेला असतो. एक दिवस घुमट, जाळीच्या खिडक्या आणि दगडात कोरलेले मोर शोधत फिरला की ‘पाहिले’ लिहावे. फोटोत तारीख आणि ठिकाण आपोआप साठते, तेव्हा जुन्या भेटींचा पुरावा बहुतेकांच्या फोनमध्येच असतो. ते फोटो समाजमाध्यमांवरून परत उतरवून घेतले तर ही माहिती गळून जाते. मूळ फाइल जपा.

यादीतून काढलेली स्थळेही आहेत. ओमानचे अरबी ऑरिक्स अभयारण्य २००७ मध्ये, जर्मनीतले ड्रेस्डेनचे एल्बे खोरे २००९ मध्ये, इंग्लंडमधले लिव्हरपूल २०२१ मध्ये. ड्रेस्डेनला नदीवर चौपदरी पूल बांधला गेला, ओमानने अभयारण्याचे क्षेत्र ९० टक्क्यांनी घटवले. ही वेगळ्या पानावर ठेवावीत, एकूण आकड्यात नकोत. आपल्याकडे हम्पी १९९९ ते २००६ आणि आसामातले मानस अभयारण्य १९९२ ते २०११ या काळात धोक्यातल्या यादीत होते. दोन्ही सावरली. हम्पीला प्रश्न नव्या पुलाचा होता, मानसला अशांतता आणि शिकारीचा.

वार आणि वेळ

सर्वांत जास्त वाया जाणारे दिवस सुट्टीच्या वारामुळे जातात. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद, घारापुरी सोमवारी बंद, ताजमहाल शुक्रवारी बंद. छत्रपती संभाजीनगरला रविवारी रात्री पोचणार असाल तर सोमवारी वेरूळ आणि मंगळवारी अजिंठा करा. उलट केले तर दोन्ही दिवस दार बंद मिळेल.

वेरूळ शहरापासून ३० किलोमीटर, अजिंठा १०० च्या आसपास. अजिंठ्याला जळगाव जवळ पडते, साधारण ६० किलोमीटर. खासगी वाहने फर्दापूरच्या फाट्यावर थांबतात आणि तिथून शेवटचे चार किलोमीटर एसटीच्या बसने जायचे. या बसच्या रांगेचा वेळ दिवसात धरत नाहीत आणि म्हणून लेणी घाईत उरकतात. निदान चार तास हवेत. चित्रांच्या लेण्यांत फ्लॅश वापरायचा नाही आणि डोळे अंधाराला सरावायला दोन-तीन मिनिटे द्यायची. बाहेरच्या उन्हातून पहिल्या लेण्यात शिरले की काहीच दिसत नाही, आणि लोक लगेच पुढे सरकतात. थांबले की पद्मपाणी हळूहळू उजळत येतो.

वेरूळची लेणी पश्चिमाभिमुख आहेत. दुपारनंतरचे ऊन आत शिरते, म्हणून सकाळी कैलास वरच्या कड्यावरून पाहावा आणि दुपारनंतर आत जावे. त्याच फेरीत दौलताबाद आणि बीबी का मकबरा होतात, पण ते यादीत नाहीत.

मुंबईत एका दिवसात तीन नोंदी होतात. सकाळची पहिली बोट धरून गेटवेहून घारापुरी, जायला तासभर, वर चढायला सव्वाशेच्या आसपास पायऱ्या. परतल्यावर ओव्हल मैदान. मैदानाच्या पूर्वेला उच्च न्यायालय आणि राजाबाई टॉवर, पश्चिमेला आर्ट डेको घरांची रांग. मध्ये उभे राहून दोन्हीकडे पाहिले की १९ व्या आणि २० व्या शतकातली मुंबई समोरासमोर दिसते. संध्याकाळी टर्मिनस. पावसाळ्यात ही योजना करू नका, खवळलेल्या समुद्रात बोटी थांबतात.

जुन्या गोव्यात एकाच नोंदीत सात वास्तू आहेत. बॉम जेजूस आणि से कॅथेड्रल सगळे पाहतात. टेकडीवर सेंट ऑगस्टीनचे अवशेष आहेत, तिकडे थोडेच वळतात. अर्धा उरलेला जांभ्याचा मनोरा तिथेच आहे.

परदेशात

लंडनमध्ये राहणाऱ्यांना शहरात चार नोंदी आहेत: टॉवर, वेस्टमिन्स्टर, ग्रीनिच आणि क्यू गार्डन्स. सिंगापूरला बोटॅनिक गार्डन्स, न्यूयॉर्कला लिबर्टीचा पुतळा आणि गुगेनहाइम संग्रहालय. बाहरीनमध्ये तीन. काठमांडूला पशुपतिनाथाच्या दर्शनाला गेलेल्याची नोंदही झालेली असते, कारण काठमांडू खोऱ्याच्या एकाच नोंदीतल्या सात ठिकाणांत पशुपतिनाथ आहे. लुंबिनीची नोंद वेगळी.

काही स्थळांत शिरताच येत नाही. आइसलंडचे सुर्टसे बेट फक्त संशोधकांसाठी आहे. जपानच्या ओकिनोशिमा बेटावर सामान्य माणसाला उतरू देत नाहीत. पण त्याच नोंदीत जवळच्या ओशिमा बेटावरचे दूरदर्शनाचे देवस्थान आणि मुनाकाता इथले मंदिर आहे, तेव्हा भेट तिथे धरता येते. आपल्याकडे उत्तराखंडातल्या नंदादेवी राष्ट्रीय उद्यानाचा गाभा १९८० च्या दशकात बंद झाला, पण २००५ मध्ये व्हॅली ऑफ फ्लॉवर्स त्याच नोंदीत जोडली गेली. ती १ जून ते ३१ ऑक्टोबर उघडी असते. मुक्काम घांगरियाला, दरीत नाही.

फ्रान्समधल्या लास्को गुहेत १९६३ पासून पर्यटकांना प्रवेश नाही. तिथे दाखवतात ती प्रतिकृती. प्रतिकृती सुंदर आहे, पण वहीत ‘पाहिले’ लिहिताना तसे नमूद करा. आणि मिलानला दा विंचीचे ‘शेवटचे भोजन’ पाहायचे असेल तर विमानाच्या आधी त्याचे तिकीट काढा. आत १५ मिनिटे मिळतात, गट लहान असतात आणि जागा आठवडे आधी संपतात.

शेवटी राहणारा किल्ला

मराठी वह्यांत बारांपैकी जी चौकट सर्वांत शेवटपर्यंत रिकामी राहील, ती जिंजीची. शिवाजी महाराजांनी तो १६७७ मध्ये घेतला. १६८९ मध्ये राजाराम महाराज तिथे पोचले आणि पुढची आठ-नऊ वर्षे मराठ्यांची राजधानी तिथे होती. मोगलांना तो मिळाला १६९८ मध्ये. तीन टेकड्या आणि त्यांना जोडणारा तट असा विस्तार आहे. राजगिरी ही मुख्य चढाई. दुपारनंतर वर सोडत नाहीत, म्हणून सकाळी दार उघडताच सुरुवात करा. खडक तापतो, तेव्हा मार्च ते मे टाळा. पाणी पिशवीच्या आत ठेवा, बाटली हातात दिसली की माकडे येतात.

फक्त जिंजीसाठी जाणे जिवावर येत असेल तर चार-पाच दिवसांची फेरी आखा. चेन्नईहून महाबलीपुरम, मग जिंजी, मग गंगैकोंडचोळपुरम, दारासुरम आणि तंजावर. शेवटची तीन मंदिरे मिळून एक नोंद, म्हणजे फेरीत तीन नोंदी आणि पाच ठिकाणे. तंजावरच्या बृहदीश्वराला प्रदक्षिणा घालताना आवाराच्या नैऋत्य बाजूच्या भिंतीकडे जा. सरफोजी राजांनी १८०३ मध्ये कोरवून घेतलेला भोसले घराण्याचा इतिहास तिथे आहे, लांबच लांब शिलालेख, आणि भाषा मराठी.